मामाची कंबर आणि मामाचे पोट

॥ श्री ॥

मुलुंड (पूर्व),
दि. २२ मार्च १९८७

रा. रा. चंद्रप्रकाश आजगावकर यांस,
श्यामसुंदर परुळेकर याचे स. न. वि. वि.

मी, श्यामसुंदर वासुदेव परुळेकर, बी. कॉम., वय वर्षे चौपन्न, विक्रोळी येथील हत्यारांच्या कारखान्यात अंतर्गत हिशेब तपासनीस, आपली थोरली बहीण सौ. जयंती हिचा पती व चि. मृणालिनी हिचा पिता, हे पत्र एका नेमक्या हेतूने लिहीत आहे. सव्वीस वर्षे ओळखणाऱ्या माणसाला ही ओळख कशासाठी, असे आपली बहीण माझ्या खांद्यावरून वाचून विचारते आहे. पत्र कोणाच्याही हाती पडले तरी ते कोणी व कोणत्या नात्याने लिहिले हे आरंभीच कळावे, असे माझे मत आहे. तिचे तसे नाही.

हेतू असा. चि. मृणालिनीचे लग्न रविवार दि. १७ मे रोजी येथील कार्यालयात होत आहे, हे आपणास ठाऊक आहेच. आम्हा परुळेकरांकडे वधू मंडपात चालत येत नाही. मामा तिला दोन्ही हातांवर उचलून आणतो. नुसता हात धरून आणणे ही इतरांकडची पद्धत झाली. माझ्या तिन्ही बहिणी अशाच आल्या व त्यांचे मामा काही पैलवान नव्हते.

आठ वर्षांपूर्वी माझी पुतणी शेवंती हिच्या लग्नात आपण आशीर्वाद देण्यास उठलात तेव्हा खुर्चीही आपल्याबरोबर उठली होती. त्या वेळी आपले वजन एकशे अठ्ठावीस किलो होते. मृणालिनी हसून हसून खाली बसली व म्हणाली की माझ्या लग्नात मामाला चार माणसे उचलतील, मग मामा मला उचलेल. आपण तिथल्या तिथे सर्वांसमक्ष शब्द दिलात की तुझ्या लग्नात मी एकटा तुला उचलीन. पुढे कंपनीच्या कामासाठी आपण अमेरिकेत गेलात, तेथे पोटाची शस्त्रक्रिया करून घेतलीत आणि निम्मे होऊन परतलात. तेव्हा आकाराची अडचण दूर झाली आहे. प्रश्न शक्तीचा उरतो.

मृणालिनीचे वजन मी कारखान्याच्या काट्यावर करून घेतले. ते सत्तावन्न किलो चारशे ग्रॅम भरले, शालू व दागिने वगळून. ती ज्या शाळेत खेळ शिकवते तेथील काटा एक किलो कमी दाखवतो, त्यावर विसंबू नये. आपण उचलू शकाल किंवा कसे, हे लेखी कळवावे. नकार आल्यास मला पर्यायी मामा शोधावा लागेल, आणि दुसरा सख्खा मामा तिला नाही.

सौ. प्रेमास आशीर्वाद. आमच्यावरील माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला,
श्यामसुंदर


बोरिवली (पश्चिम),
३१ मार्च ८७

ती. भाऊजींस,
चंदूचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. वाचून प्रेमा म्हणाली की हे पत्र आहे की कोर्टाची नोटीस. तिला म्हटलं, भाऊजी प्रेमानं लिहितात तेव्हा असंच लिहितात. रागावले की टाइप करून घेतात.

उत्तर एका शब्दात: उचलणार! पर्यायी मामा शोधलात तर बघा. अमेरिकेत ऑपरेशनच्या आधी सर्जननं विचारलं होतं की वजन का कमी करायचंय. साखर, रक्तदाब, गुडघे ही कारणं त्याच्या कागदावर आधीच होती. मी म्हटलं, भाचीला उचलायचंय. तो हसला नाही, त्यानं तेही लिहून घेतलं. तुमच्याच जातीचा माणूस.

आता खरं सांगतो, ताईला सांगू नका. सराव म्हणून मी गव्हाचं पोतं उचललं आणि वाट लागली. पोतं वर आलं, कंबर खाली राहिली. शनिवारपासून लाकडी फळीवर उताणा पडलोय आणि हे पत्र छातीवर पाट ठेवून लिहितोय.

तुम्ही म्हणाल, गोळी घ्या आणि उठा. तिथेच गोची आहे. त्या सर्जननं माझं पोट लिंबाएवढं ठेवलंय आणि आतडं थेट त्याला जोडलंय. निघताना त्यानं बजावून सांगितलं की ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन आणि त्या अख्ख्या घराण्यातल्या सूज उतरवणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या आता जन्मभर वर्ज्य. त्या जोडावर व्रण पडतो, व्रणातून रक्त जातं आणि माणूसही जातो. दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, तीही मापात. मी दुपारी एक घेतो. तिच्यानं ताप उतरेल, गव्हाचं पोतं नाही उतरत.

आणि नेमक्या त्याच वर्ज्य गोळ्या घरात येऊन पडल्यात. शेजारच्या रत्नप्रभाबाईंना प्रेमानं पाडव्याला श्रीखंडाची वाटी पाठवली. रिकामी वाटी परत कशी द्यायची? पण गोड खाल्लं की मला घाम फुटून चक्कर येते, तळलेलं चालत नाही, हे बाईंना पाठ. मग त्यांनी विचार करकरून वाटीत काय घालावं? कमरेच्या गोळ्या! त्यांचे यजमान सीताराम दवाखान्यात कंपाउंडर आहेत, घरात नमुन्याच्या गोळ्या चुरमुऱ्यासारख्या पडलेल्या असतात. वर एक तुळशीचं पान. प्रेमानं वाटी देवघरात ठेवलीय, कारण टाकली तर त्यांना राग येईल आणि ठेवली तर मला मोह होतो.

घेतलेली नाही. शपथ. पण भाऊजी, रात्री कूस बदलताना ब्रह्मांड आठवतं. काही शास्त्रशुद्ध मार्ग असेल तर कळवा.

ताईला नमस्कार, मृणूला म्हणावं शालू जरा हलका घे. आहे तसाच जीव लावून असा.

तुमचा,
चंदू


॥ श्री ॥

मुलुंड (पूर्व),
दि. ५ एप्रिल १९८७

रा. रा. चंद्रप्रकाश यांस,
स. न. वि. वि.

आपली लेखी संमती मिळाली, ती लग्नाच्या कागदांत लावून ठेवली आहे. कंबर दुखावल्याचे वाचून वाईट वाटले. गव्हाच्या पोत्यावर किती किलो छापले होते, हे आपण कळवलेले नाही. ते नव्वद किलोंचे असते. आपण वधूचा नव्हे, वधू आणि तिची करवली अशा दोघींचा सराव केलात.

शास्त्रशुद्ध मार्ग विचारलात, तर मी प्रश्नाचा क्रमाने विचार केला आहे. सर्जनचा आक्षेप पोटावर आहे. गोळी तोंडातून पोटात उतरते, म्हणून ती वर्ज्य. याउलट इंजेक्शन कमरेखाली टोचले जाते. तेथून औषध दुखऱ्या जागी जाते. वाटेत पोट लागतच नाही. माल ठाण्याहून कल्याणला न्यायचा असेल तर तो दादरला उतरवून घेत नाहीत. तस्मात वाटीतील गोळ्या निषिद्ध, परंतु त्याच औषधाचे इंजेक्शन घेण्यास माझ्या मते प्रत्यवाय नाही. शेजारी कंपाउंडर आहेत, ही तर सोयच झाली. सुई मात्र उकळून घ्यावी.

सौ. जयंतीस मी हे वाचून दाखवले. ती म्हणाली की तुम्ही वैद्यकाची परीक्षा कधी दिलीत. मी म्हणालो की तर्कशास्त्राला विषय लागत नाही. यावर तिने भाजी चिरण्याचा वेग वाढवला.

मार्ग सापडल्याचे समाधान आपणाकडूनही कळावे. स्नेह वाढता ठेवावा.

आपला,
श्यामसुंदर


पोस्टकार्ड

मुलुंड (पू.), ८ एप्रिल १९८७

रा. रा. चंद्रप्रकाश यांस, स. न. वि. वि. माझे दि. ५ चे पत्र संपूर्ण रद्द समजावे. इंजेक्शन घेऊ नये, घेऊ नये, घेऊ नये. आमचे डॉ. नेरूरकर यांना आज सहज विचारले, तर त्यांनी कपाळाला हात लावला. हे औषध कोठूनही शरीरात शिरो, ते रक्तातून पोटाच्या अस्तरापर्यंत पोचते व तेथील संरक्षण काढून घेते. गोळी, इंजेक्शन, गुदमार्गे द्यायची बत्ती, सर्व एकच. रस्त्यावरील वाताच्या पुड्याही नकोत, त्यांत काय मिसळतात कोणी सांगत नाही. पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील त्या मापात, गरम पाण्याची पिशवी, विश्रांती, पट्टा. शौचाचा रंग रोज पाहावा. डांबरासारखा काळा, चिकट व दुर्गंधी असल्यास, उलटीत रक्त असल्यास वा भोवळ आल्यास तडक इस्पितळ, मला विचारत बसू नये. रंग कळवावा. घरात अंतर्देशीय पत्र नाही व पेटी उघडण्याची वेळ झाली म्हणून कार्ड. माझी चूक झाली. श्या. वा. परुळेकर, बी. कॉम.


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

बोरिवली,
१४ एप्रिल १९८७

ती. भाऊजी आणि वन्सं यांस,
सौ. प्रेमाचा शि. सा. नमस्कार.

हे लिहायला तयार नाहीत. तुमचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात, आणि कूस बदलली की दुखतं, म्हणून मग आणखी चिडतात. काय झालं ते मीच सांगते.

तुमचं कार्ड शुक्रवारी आलं. मी दूध आणायला गेले होते, हे फळीवर. पोस्टमननं दारात हाक मारली, यांनी आतून ओरडून सांगितलं की उठता येत नाही, काय आहे ते वाचून दाखवा. तो बिचारा भला माणूस. जिन्यात उभा राहून खणखणीत आवाजात त्यानं सगळं कार्ड वाचलं. घेऊ नये तीन वेळा लिहिलंत ना, तेही तीन वेळा. बत्तीपाशी जरा थांबला, पण वाचलं. डांबराशी येईपर्यंत चारी मजल्यांची दारं उघडली होती.

पण भाऊजी, देवाची करणी बघा. त्याच वेळी सीतारामभाऊजी सुई उकळलेलं भांडं फडक्यात धरून आमच्या दाराकडे निघाले होते! तुमचं आधीचं पत्र यांनी त्यांना दाखवलं होतं, ते म्हणाले होते की बी. कॉम. माणूस लिहितोय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार. ते जिन्यातच थिजले. रत्नप्रभाबाईंनी मागून येऊन त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि सगळ्यांदेखत विचारलं की अहो, माणूस मारायला निघाला होतात का. मग आमच्या देवघरातली वाटीही उचलून घेऊन गेल्या. तासाभरानं तीच वाटी मुगाचं कढण घालून आणून दिली आणि डोळ्यांना पदर लावला. मी त्यांना म्हटलं, अहो तुम्ही मायेनंच दिलं होतं. त्या म्हणाल्या की मायेनं दिलेलं पण पोटाला कळत नाही ना.

तर हे वाचले ते तुमच्या कार्डामुळं. पण आता बिल्डिंग ऐकत नाही. रोज सकाळी जिन्यात जो भेटेल तो मला रंग विचारतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर परवा गच्चीवरच्या बैठकीत आधी पाण्याच्या टाकीचा विषय घेतला आणि मग यांच्या रंगाचा. ऑपरेशनपासून हे लोहाच्या गोळ्या घेतात, त्यानं रंग जरा काळपट असतोच. मी भोळेपणानं तेवढंच सांगितलं, तर खालच्या दादू वाण्यानं टॅक्सी आणून उभी केली! शेवटी इथल्या डॉक्टरांना बोलावून सर्वांना समजावून सांगायला लावावं लागलं की लोहाचा रंग वेगळा, डांबर वेगळं. डॉक्टरांनी यांनाही तपासलं. पोट ठीक आहे, रक्त ठीक आहे. कमरेचा स्नायू भरलाय, वेळ लागेल, पण जड उचलायचं नाही, असं स्पष्ट सांगून गेले. निदान पावसाळ्यापर्यंत तरी नाही.

आता खरी काळजी. काल मी पाय चेपत होते तेव्हा हे म्हणाले की लग्नाच्या सकाळी एकच इंजेक्शन घेईन, एकानं काय होतंय, मृणूला उचलीन आणि मग काय व्हायचं ते होऊ दे. मी रडले तर म्हणाले की आठ वर्षं लोकांनी माझ्या खुर्चीवर विनोद केले, आता मी उभा राहणार. भाऊजी, यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. माझं ऐकणार नाहीत. तुम्ही वडील आहात मुलीचे. नाही उचललंत तरी चालेल, अशी एक ओळ तुम्ही लिहा. तुमच्याकडं मामानं उचलायची पद्धत आहे, मला कळतं. पण मला नवरा आहे.

वन्संना हळू वाचून दाखवा. जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला, म्हणजे मनात. पोटाचं नाव काढायची सुद्धा भीती वाटते आता.

आपली,
प्रेमा


॥ श्री ॥

मुलुंड (पूर्व),
दि. १९ एप्रिल १९८७

रा. रा. चंद्रप्रकाश यांस,
स. न. वि. वि. हे पत्र पाकिटात आहे व पाकीट डिंकाने दोनदा चिकटवले आहे.

सौ. प्रेमाचे पत्र वाचले. पोस्टमनने वाचून दाखवलेल्या कार्डाबद्दल आपण रागावला आहात, तो राग रास्त आहे. परंतु बिल्डिंगभर ते ऐकू गेले नसते तर सुई आत शिरली असती, ही बाजूही लक्षात घ्यावी. आपला रंग सेक्रेटरींनी इतिवृत्तात घेतला असल्यास तेवढे वाक्य मी काढून टाकण्यास लावीन.

आता मुख्य मुद्दा. मी तीन संध्याकाळ विचार केला. आमच्याकडे वधूला मामा उचलून आणतो, ही पद्धत माझ्या आजोबांच्या आधीपासून अखंड आहे. ती माझ्या हातून, माझ्या एकुलत्या मुलीच्या लग्नात मोडावी, हे मला आवडत नाही. हे मी लपवत नाही. तथापि मी आपणास या पत्राद्वारे दिलेल्या शब्दातून मुक्त करतो. मृणालिनी चालत येईल. तिला पाय आहेत.

तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली की मामाला निरोप द्या, उचललेस तर मी मंडपात बोलणार नाही आणि इंजेक्शन घेतलेस तर जन्मात बोलणार नाही. मुलगी जयंतीवर गेली आहे.

एकाने काय होते, असे आपण म्हणालात. डॉ. नेरूरकर म्हणतात की एकाने कदाचित काही होणार नाही व कदाचित होईल, आणि कोणाच्या पोटाला कोणते एक पुरते हे आधी कळत नाही. ज्या व्यवहाराचा तोटा आधी सांगता येत नाही तो मी आयुष्यात कधी मंजूर केलेला नाही. मुक्तता स्वीकारल्याचे कळवावे. आपली प्रकृती हाच आम्हांस आहेर.

आपला,
श्यामसुंदर


बोरिवली, २७ एप्रिल

ती. भाऊजी,
सा. न.

पत्र मिळालं. तुम्ही तुमचा नियम माझ्यासाठी मोडलात, हे वाचून फळीवर उठून बसलो. म्हणजे अर्धा.

पण मुक्तता नाही स्वीकारत. शब्द मी तुम्हाला नाही दिला, मृणूला दिलाय. तो तुम्हाला रद्द करता येत नाही, हे तर तुमच्या कॉमर्समध्ये पण असेल. पट्टा आणलाय, चालायला लागलोय, झकास चालतो. बाकी सतरा तारखेला बघू. प्रेमाला काही बोललो नाहीये, तुम्हीही बोलू नका.

बिल्डिंगमधून अठ्ठावीस माणसं लग्नाला येतायत, बोलावलेली सात. बाकीची माझा रंग बघायला येतायत.

रागवा, पण आमच्यावरचा हात काढू नका.

चंदू


॥ श्री ॥

रा. रा. चंद्रप्रकाश आजगावकर यांस,
स. न. वि. वि.

लग्नघटिकेच्या त्या अवधीत आपण डोळे गच्च मिटून घेतले होते. त्यामुळे काय घडले हे आपणास प्रत्यक्ष ठाऊक नाही, आणि आपल्या बिल्डिंगमध्ये त्याची निरनिराळी वर्णने चालू आहेत असे सौ. प्रेमा कळवते. त्यांपैकी एकात आपण बेशुद्ध होतात व एकात मीही होतो. म्हणून, मी वधूचा पिता व साक्षीदार या नात्याने खरी हकीकत लिहून पाठवत आहे. ती जिन्यात वाचून दाखवण्यास माझी हरकत नाही.

गुरुजींनी मामाने मुलीस आणावे असा पुकारा केला, तेव्हा मी मंडपात होतो. इतक्यात सीतारामपंत गर्दीतून वाट काढत आले व माझ्या कानाशी म्हणाले की धावा, आत टोचतायत. वधूपक्षाच्या खोलीत मी शिरलो, तर आपण सतरंजीवर पालथे, धोतराचा काष्टा सैल, पट्टा बाजूला. वरपक्षाचे एक पाहुणे, जे डॉक्टर आहेत व ज्यांना आपल्या पोटाविषयी काहीही सांगितलेले नव्हते, ते मोठ्या आपुलकीने सुईत औषध भरत होते. कंबर धरली आहे, एवढेच आपण त्यांना कळवले होते. दोन मिनिटांत घोड्यासारखे उभे करतो, असे ते म्हणत होते. मला आपला राग आला, तो अजून आहे.

मी त्या गृहस्थांना काय बोललो ते मला आठवत नाही. सीतारामपंतांच्या सांगण्यानुसार मी प्रथम माझे नाव, शिक्षण व नोकरी सांगितली व मग त्यांच्या हातातील सुई काढून घेतली. आपल्या शस्त्रक्रियेचे ऐकताच त्या सद्गृहस्थांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आपणासच चार शब्द सुनावले की औषध देणाऱ्यापासून पोट लपवणे म्हणजे फासावर जाताना दोरी आपणच पुरवणे होय. त्यानंतर आपण भिंत धरून उठलात आणि मला म्हणालात की भाऊजी, सुईवाचून उचलतो, बाजूला व्हा.

आपण वाकलात. मृणालिनीच्या गुडघ्यांखाली हात घातलात. आणि तेथेच राहिलात. वर येता येईना, खाली जाता येईना. बाहेर वाजंत्री थांबली होती. जयंती रडत होती, प्रेमा रडत होती, आणि आपण त्या काटकोनात राहूनच म्हणत होता की उचलतोय, उचलतोय, घाई करू नका. मी म्हणालो की विधी रद्द, ती चालत येईल. आपण म्हणालात की मी जिवंत असेपर्यंत ती चालणार नाही. त्यावर मृणालिनी म्हणाली की म्हणूनच तुला जिवंत ठेवायचंय ना रे मामा, आता गप्प बस आणि मानेला धर.

यानंतर आपण डोळे मिटलेत.

तिने शालूचा पदर खोचला. एक हात आपल्या पाठीशी, एक गुडघ्यांखाली, आणि तिने आपणास उचलले. आपले वजन सहासष्ट किलो आहे, पट्ट्यासह थोडे अधिक. मुंडावळ्या आपल्या नाकावर लोंबत होत्या. पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांतून जोर घेऊन, शाळेत मुलींना शिकवते तशी ती उठली व खोलीबाहेर पडली. मी तांदूळ घेऊन मागे होतो, कारण दुसरे काय करावे ते मला सुचले नाही.

कार्यालयात प्रथम सर्वांच्या माना वळल्या. मग आपल्या बोरिवलीच्या मंडळींनी टाळ्या सुरू केल्या. रत्नप्रभाबाईंनी मोठ्याने प्रेमाला विचारले की रंग बरा आहे ना, व तो बरा असल्याचे ऐकून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. गुरुजी अक्षता मुठीत धरून उभे होते. अंतरपाटामागून जावईबापू नंदकुमार डोकावले, जे करायचे नसते. आणि व्याही दशरथराव माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले की परुळेकर, हे काय आहे.

चंद्रप्रकाशराव, तेहतीस वर्षे मी दुसऱ्यांचे खोटे शोधून काढण्याचे वेतन घेतो आहे. मी एकदा आपल्याकडे पाहिले. आपण तिच्या खांद्यात तोंड खुपसून लहान मुलासारखे रडत होता. मी दशरथरावांना म्हणालो की आमच्याकडे अशीच पद्धत आहे. वधू मामाला आणते.

त्यांनी मान डोलावली व गुरुजींना पुढे चला म्हणाले. मुहूर्त चुकला नाही.

आपण आता कसे आहात, हे प्रेमाकडून कळले. कंबर सुधारते आहे, दुखण्याच्या गोळ्या घरातून गेल्या आहेत, व आपण भेटणाऱ्या प्रत्येक डॉक्टरास आधी पोटाची हकीकत सांगता. फक्त काल आपण ती बसच्या वाहकासही सांगितलीत असे ऐकतो. तेवढे आवश्यक नाही.

एक अडचण मात्र उभी राहिली आहे. दशरथरावांना ही प्रथा फार आवडली. त्यांच्या पुतणीचे लग्न दिवाळीनंतर आहे, तीही अंगाने दणकट आहे, व तिचे मामा भित्रे असले तरी हलके आहेत. परुळेकरांची ही पद्धत कधीपासून सुरू झाली, असे त्यांनी मला पत्र पाठवून विचारले आहे. तोंडी मी एकदा खोटे बोललो. लेखी बोलणे मला शक्य नव्हते. दोन दिवस मी मसुदे लिहून खोडले. मग लिहिले की ही पद्धत आमच्याकडे दि. १७ मे १९८७ पासून आहे.

लोभ तोलून पाहू नये, तो असू द्यावा, ही विनंती.

आपला,
श्यामसुंदर वासुदेव परुळेकर, बी. कॉम.
मुलुंड (पूर्व)
दि. ७ जून १९८७